खाद्यपदार्थांचा धंदा आणि निर्वात यंत्राची निवड



आजचा विषय यंत्राचा आहे. परंतु तो केवळ कारखानदारांसाठीं आहे, असें कोणीं समजूं नये. पनवेल हें जुनें पेठेचें गांव. बोरघाट उतरून आलेला देशावरचा माल पूर्वीं येथील खाडीच्या बंदरांतून मुंबईस जात असे. १८५२ सालीं येथें नगरपालिका झाली. १८७२ सालीं कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना येथें काढला. आणि २०१६ सालीं या गांवाची महानगरपालिका झाली. आतां एका बाजूस तळोजें व पाताळगंगा येथील औद्योगिक वसाहती, दुसऱ्या बाजूस न्हावा-शेवा बंदर, आणि अगदीं उशाशीं ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटन झालेला नवा विमानतळ, अशी या परिसराची स्थिति आहे. साहजिकच ज्या घरांतून पूर्वीं शेजारणीपाजारणींपुरतें लोणचें अथवा मेतकूट होत असे, त्या घरांतून आतां दुबईस नि लंडनला जाणाऱ्या पेट्या भरल्या जात आहेत. बचतगटांच्या भगिनी, खानावळवाले, सुकी मासळी विकणाऱ्या कोळिणी, मिठाईवाले, या सर्वांच्या तोंडीं आज एकच शब्द आहे. तो म्हणजे 'व्हॅक्यूमचें मशीन'.

हें यंत्र बहुधा कर्ज काढून घेतलें जातें. तें चुकीचें निघालें, तर हप्ते चालू राहतात आणि यंत्र कोपऱ्यांत पडून राहतें. ही झाली पैशाची हानि. पण यंत्र उत्तम असून त्याचा उपयोग चुकीचा झाला, तर गिऱ्हाइकाच्या जिवावर बेतूं शकतें. म्हणून ही निवड कशी करावी, याचा विचार थोडा मुळापासून करूं.

प्रथम यंत्र करतें काय, तें पाहूं. आपल्या डोक्यावर हवेचा मोठा महासागर आहे आणि समुद्रसपाटीजवळ त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोग्रॅम असतो. सतराव्या शतकांत जर्मनींत ओटो फॉन गेरिके यानें हवा उपसणारा पंप तयार केला, आणि तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांस लावून आंतील हवा काढल्यावर घोड्यांच्या जोड्यांनाही ते ओढून वेगळे करतां येत नाहींत, हें लोकांस दाखविलें. शाळेंत हा प्रयोग आपण सर्वांनीं वाचला आहे. आजचें निर्वात यंत्र त्याच पंपाचा वंशज होय. ज्या यंत्राची पेटी चाळीस सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद आहे, तिच्यांतील हवा काढल्यावर झांकणावर सुमारें सोळाशें किलोग्रॅमांचा, म्हणजे दीड टनाहून अधिक, भार पडतो. हा हिशेब ध्यानांत घेतला म्हणजे झांकण जाड कां लागतें, बिजागऱ्या मजबूत कां लागतात, आणि तडा गेलेलें झांकण चिकटपट्टी लावून वापरणें हा शुद्ध वेडेपणा कां आहे, हें निराळें सांगावें लागत नाहीं.

हवा काढली म्हणजे अन्न टिकतें, ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. हिचा इतिहासही मनोरंजक आहे. फ्रान्समध्यें निकोला आपेर या हलवायानें बाटल्यांत अन्न भरून, बुचें घट्ट बसवून, त्या बाटल्या उकळत्या पाण्यांत ठेवल्या आणि तें अन्न पुष्कळ काळ टिकविलें. १८१० सालीं सरकारनें त्याला बारा हजार फ्रँकांचें बक्षीस दिलें. अन्न कां टिकलें, याचें उत्तर गे-ल्यूसाक या थोर रसायनशास्त्रज्ञानें असें दिलें कीं, बाटलींत प्राणवायु उरला नाहीं म्हणून. हें उत्तर अपुरें होतें. खरें काम उष्णतेनें केलें होतें. तिनें जंतु मारले होते. पुढें पाश्चरनें जंतूंचा व्यापार उलगडून दाखविला आणि १८६१ सालीं तर असे जंतु दाखवून दिले कीं, ज्यांना प्राणवायु नकोच असतो, किंबहुना तो त्यांना बाधतो. आज दुकानदार जेव्हां सांगतो, "हवा काढली कीं माल सहा महिने राहील," तेव्हां तो दोनशें वर्षांपूर्वींचें अपुरें उत्तरच पुन्हां देत असतो.

हवा काढल्यानें बुरशी थांबते, तेलातुपाला खवट वास येण्याचें लांबतें, मसाल्याचा रंग व सुगंध टिकतो, पापड सर्द होत नाहींत आणि कीड जगत नाहीं. हे फायदे खरे आहेत. परंतु ज्या जंतूंना हवा नको, त्यांना आपण मोकळें रान देतों. त्यांतला सर्वांत घातकी जंतु क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम. १८९५ सालीं बेल्जियममधील एका खेड्यांत अंत्ययात्रेस आलेल्या वादकांनीं मुरविलेलें मांस खाल्लें. पुष्कळ जण आजारी पडले व तिघे दगावले. त्या मांसांतून फान एर्मेंगेम यानें हा जंतु शोधून काढला. याचें विष मज्जातंतूंवर आघात करतें. दृष्टि दुहेरी होते, गिळतां येत नाहीं, आणि शेवटीं श्वास बंद पडतो. याचीं बीजें उकळत्या पाण्यांतही मरत नाहींत. त्यांना १२१ अंश उष्णता व दाब लागतो. आणि विशेष भयंकर गोष्ट अशी कीं, अन्न नासल्याचा वास येईलच किंवा पिशवी फुगेलच, अशी खात्री नसते.

हें सारें परदेशांतलें, असें म्हणून सोडून देतां येत नाहीं. १९९६ सालीं गुजरातेंतील एका निवासी शाळेच्या मुलांना शेव खाल्ल्यावर याच जातीच्या विषाची बाधा झाली होती. तेथें त्याच कुळांतला दुसरा एक जंतु कारणीभूत आढळला. आणि १९८५ सालीं कॅनडांतील व्हँकुव्हर येथें एका उपाहारगृहांत तेलांत ठेवलेल्या चिरलेल्या लसणीमुळें तीसांहून अधिक माणसें आजारी पडलीं. लसूण जमिनींत वाढते, जमिनींतलीं बीजें तिला चिकटतात, आणि तेल हवा अडवितें. ओल्या लसणीची चटणी तेलांत घालून वर निर्वात पिशवींत भरणाऱ्यांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवावें.

तात्पर्य, यंत्राच्या दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं आपला पदार्थ कोणत्या वर्गांतला आहे, हें ठरविलें पाहिजे. या जंतूला आवर घालणारे पहारेकरी तीन आहेत: आंबटपणा, कोरडेपणा आणि थंडी. आंबटपणाचा अंक, ज्याला पीएच म्हणतात, तो ४.६ च्या खालीं असेल तर हा जंतु वाढत नाहीं. लिंबाचें किंवा कैरीचें लोणचें, आमसुलें, चिंचेचा कोळ हे पदार्थ त्यामुळें बरेचसे सुरक्षित असतात. मसाले, मेतकूट, पोहे, पापड, नीट वाळविलेली सुकट, हे पदार्थ कोरडेपणामुळें सुरक्षित. उरलेले पदार्थ, म्हणजे ओले पण आंबट नसलेले, जसें पनीर, शिजविलेली भाजी, ताजी मासळी, उकडीचे मोदक, यांना थंडीवांचून तरणोपाय नाहीं. आणि थंडी म्हणजे साधा गारवा नव्हे. या जंतूच्या कांहीं जाती तीन अंशांच्या वर वाढूं शकतात, आणि आपल्याकडील दुकानांतलीं शीतकपाटें आठ-दहा अंशांवर सहज जातात. तीन ते आठ अंशांत ठेवलेल्या अशा पदार्थांना दुसरा कोणताही पहारेकरी नसेल, तर ब्रिटनमधील अन्नमानक संस्थेनें मार्गदर्शन करतांना दहा दिवसांची मर्यादा घातली होती. तेव्हां मोदकांसारखा पदार्थ दूर पाठवावयाचा असल्यास तो गोठवून, उणे अठरा अंशांवर ठेवूनच पाठवावा. मोदक आधीं गोठवावे आणि मग हवा काढावी. नाहींतर झांकणावर बसणारा तोच वातावरणाचा दाब मोदकावर बसून त्याच्या कळ्या चेपून टाकील. गोठविलेली मासळी वितळवितांना पिशवी आधीं फोडावी, हाही नियम याच कारणासाठीं आहे.

पुरणपोळीसारखे मधले पदार्थ फसवे असतात. त्यांत साखर-गूळ असतो, पण ओलावाही असतो. जंतूंना वापरतां येईल असें पाणी पदार्थांत किती आहे, हें प्रयोगशाळेंत मोजतां येतें. हा अंक ०.८५ च्या खालीं असेल तर रोगजंतूंची चिंता पुष्कळ कमी होते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत ही तपासणी एकदां करून घ्यावी. तिचा खर्च यंत्राच्या मानानें थोडा आहे आणि वेष्टनावर किती दिवसांची मुदत छापावी, याचा निर्णय त्यावरून होतो.

जिवंत भाज्यांची गोष्ट निराळी. आमच्याकडे सोललेल्या मोडाच्या वालांना मोठी मागणी असते. मोड आलेला वाल जिवंत आहे. तो श्वास घेतो आणि वायु बाहेर टाकतो. निर्वात पिशवींत त्याचा जीव गुदमरतो, पिशवी फुगते आणि वालाला आंबूस वास येतो. कच्चा कांदा, लसूण, कोबी, अळंबीं यांचेंही तसेंच. यांच्यासाठीं थंडी किंवा गोठविणें हाच मार्ग. हें यंत्र नव्हे.

पदार्थ ठरला म्हणजे यंत्राच्या जातीकडे वळूं. पहिली जात बाहेरून हवा शोषणारी. पिशवीचें तोंड यंत्रांत धरावयाचें आणि बाकी पिशवी बाहेर. हें स्वस्त असतें. परंतु याच्या लहान नमुन्यांना आंतून खाचा असलेल्या महाग पिशव्या लागतात, रस असलेला पदार्थ याला चालत नाहीं आणि सतत काम केल्यास तें तापतें. घरच्या वापरास तें ठीक, धंद्यास अपुरें. दुसरी जात चेंबरची, म्हणजे झांकणाच्या पेटीची. सबंध पिशवी पेटींत ठेवावयाची. आंतबाहेर दोन्हींकडील हवा एकदम निघते, म्हणून साधी गुळगुळीत पिशवी चालते आणि रस्साही उसळून बाहेर येत नाहीं. टेबलावरचें, जमिनीवर उभें राहणारें, आणि दोन पेट्यांचें, असे तिचे प्रकार आहेत. दोन पेट्यांच्या यंत्रांत एकीची हवा निघत असतां दुसरी भरतां येते. तिसरी जात गुंडाळीवरील फिल्मपासून स्वतःच खोलगट पिशव्या घडविणारी. ती मोठ्या मासळी-कारखान्यांना किंवा दुग्धशाळांना शोभते. नव्या धंद्यानें तिच्या वाटेस जाऊं नये. आपला विचार बहुतेक चेंबर यंत्रापुरताच करावयाचा आहे.

या यंत्राचें हृदय म्हणजे पंप. त्याची शक्ति तासाला किती घनमीटर हवा उपसतो, यावर मोजतात. आठ, सोळा, वीस, चाळीस, त्रेसष्ट, शंभर असे आंकडे आपल्याला पत्रकांत दिसतील. हा आंकडा एकटा कांहींच सांगत नाहीं. तो पेटीच्या आकारमानाशीं जुळवून पाहिला पाहिजे. चाळीस बाय चाळीस बाय अठरा सेंटिमीटरांची पेटी घ्या. तिच्यांत सुमारें २९ लिटर हवा मावते. तासाला वीस घनमीटर उपसणारा पंप सेकंदाला साडेपांच लिटर ओढतो. कोणी म्हणेल, मग सव्वापांच सेकंदांत काम झालें. तसें होत नाहीं. हंड्यांतील पाणी उपसणें निराळें आणि हवा उपसणें निराळें. उरलेली हवा प्रत्येक वेळीं सबंध पेटी व्यापून विरळ होते, म्हणून पंपाच्या हातीं दर खेपेस कमी कमी लागते. गणितानें पाहतां हजार मिलिबारांवरून पांच मिलिबारांवर येण्यास याच पंपाला सुमारें २८ सेकंद लागतील, आणि चाळीसच्या पंपाला १४. प्रत्यक्षांत याहून थोडे अधिकच लागतात. झांकण उघडणें, पिशव्या मांडणें, सील होणें व निवणें हें धरून वीसच्या पंपावर एका फेरीस मिनिट धरावें. फेरीला चार पिशव्या बसत असतील, तर कागदावर तासाला २४०. परंतु माणसाच्या हाताचा विचार करून १८० धराव्या. आपला दिवसाचा माल तीनशें पिशव्या असेल, तर हें यंत्र पुरें आहे. दोन हजार असेल तर नाहीं. विकत घेण्यापूर्वीं हें गणित वहीवर मांडावें. पातळ व लहान पाकिटांसाठीं पेटींत ठेवावयाच्या पाट्या मिळतात; त्यांनीं पेटीची पोकळी कमी होते व वेळ वाचतो.

पत्रकांतील टक्केवारीविषयीं एक सावधगिरी. 'पंच्याण्णव टक्के निर्वात' आणि 'साडेनव्याण्णव टक्के निर्वात' यांत फरक साडेचार टक्क्यांचा दिसतो. परंतु आपल्याला काढलेल्या हवेशीं काम नसून उरलेल्या हवेशीं आहे. पहिल्या ठिकाणीं पांच टक्के उरली, दुसऱ्या ठिकाणीं अर्धा टक्का. म्हणजे फरक दसपट. तबकडीचा कांटा स्थानिक हवेवर अवलंबून असतो, हेंही ध्यानांत असावें. पनवेलला जो कांटा ७६० मिलिमीटरांच्या जवळ जातो, तोच महाबळेश्वरीं, जेथें हवेचा दाब सुमारें ८६० मिलिबार असतो, ६४५ च्या पुढें जाणार नाहीं. त्यावरून यंत्र बिघडलें, असें ठरवूं नये.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पदार्थाची उष्णता. दाब कमी झाला म्हणजे पाणी कमी उष्णतेवर उकळतें, हें आपण शाळेंत शिकलों. पेटींत तेंच घडतें. साठ अंशांची आमटी २०० मिलिबारांवर, म्हणजे ऐंशी टक्के हवा निघतांच, खदखदूं लागते. चाळीस अंशांचा पदार्थ ७४ मिलिबारांवर उकळतो. पंप कितीही चांगला असला तरी त्याच्या पुढें तो त्र्याण्णव टक्क्यांवर अडून बसतो. पांच अंशांपर्यंत थंड केलेला पदार्थ मात्र नऊ मिलिबारांपर्यंत शांत राहतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा पोळ्यांचा व्यवसाय आहे. तिनें एकदां विचारलें, "गुरुजी, पंपांतलें तेल ताकासारखें पांढरें कां होतें हो?" मीं विचारलें, "पोळ्या निवतात का?" तव्यावरून उतरलेल्या पोळ्या अर्ध्या तासांत पेटींत जात होत्या. त्यांची वाफ पंपांत जाऊन तेलांत मिसळत होती. त्या दिवसापासून पोळ्या पूर्ण निववून भरण्याची पद्धत तिनें घातली आणि तेल स्वच्छ राहूं लागलें. निववितांना मात्र पदार्थ उघड्यावर तासन् तास ठेवूं नये. उथळ ताटांत पसरून तो लौकर शीतकपाटांत न्यावा.

पंपानंतर सीलची पट्टी. हवा कितीही काढली, पण तोंड नीट चिकटलें नाहीं, तर सारा खटाटोप फुकट. पट्टीची लांबी पिशवीच्या रुंदीशीं जुळावी. अठरा सेंटिमीटरांच्या दोन पिशव्यांना चाळीसची पट्टी पुरते. जाड पिशवीसाठीं किंवा तोंडाला तेल लागण्याचा संभव असेल तेथें वरून व खालून दोन्हीं बाजूंनीं तापणारी पट्टी अथवा दुहेरी रेघेचें सील घ्यावें. पिशवी भरतांना तिची कड बाहेर दुमडून ठेवावी, म्हणजे लोणच्याचें तेल किंवा मसाल्याची पूड सीलच्या जागेवर लागत नाहीं. ही हातचलाखी फुकट आहे, आणि हिनें वांचणारा माल महाग यंत्रानेंही वांचत नाहीं.

आपल्या मालाप्रमाणें आणखी कांहीं सोयी पाहाव्या. चिवडा, पोह्यांचे तळलेले पापड, फेण्या यांचा हवा काढल्यावर चुरा होतो. त्यांच्यासाठीं हवा काढून नत्रवायु भरण्याची नळी लागते. ही सोय मागाहून बसविणें खर्चाचें पडतें, म्हणून आधींच विचार करावा. अशा वायु भरलेल्या पिशव्या बोरघाट चढतांना फुगतात, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. विमानांत याहून अधिक फुगतात, म्हणून त्या गच्च भरूं नयेत. सुक्या बोंबलांचे कांटे पिशवीला भोंकें पाडतात. त्यांना पेटींत हवा हळूहळू परत सोडणारें यंत्र व जाड पिशवी पाहिजे. रस्सेदार पदार्थांना तिरकी पाटी असावी आणि पेटीचें झांकण पारदर्शक असावें, म्हणजे उसळी दिसतांच थांबवितां येतें. मसाला दळणाऱ्यांनीं पंपाच्या तोंडाशीं धूळ अडविणारी गाळणी आहे कीं नाहीं, हें पाहून घ्यावें.

यंत्राइतकीच महत्त्वाची पिशवी. साध्या पॉलिथीनमधून प्राणवायु हळूहळू आंत येतो. आज काढलेली हवा महिन्याभरांत परत येते. म्हणून नायलॉन व पॉलिथीन यांचे थर एकत्र असलेली, सत्तर ते नव्वद मायक्रॉन जाडीची पिशवी सामान्यतः वापरतात. अधिक दिवस टिकवावयाच्या मालासाठीं इव्हीओएच नांवाचा प्राणवायूस अडविणारा थर असलेली, आणि उजेडानें ज्यांचा रंग उडतो अशा मसाल्यांसाठीं ॲल्युमिनियमची. भारतांत २०१८ सालीं झालेल्या वेष्टनविषयक नियमांप्रमाणें प्लॅस्टिकमधून अन्नांत उतरणाऱ्या द्रव्यांची एकंदर मर्यादा किलोमागें साठ मिलिग्रॅम ठेवलेली आहे. पिशवी विकणाऱ्याकडून या चाचणीचा दाखला मागून घ्यावा. जो दाखला देण्यास कांकूं करतो, त्याच्याकडून स्वस्त पिशवी घेणें शेवटीं महागात पडतें.

आतां हिशेबाकडे. समजा यंत्र साठ हजार रुपयांचें आहे. दिवसाला तीनशें पाकिटें, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे साडेसात हजार पाकिटें झालीं. पिशवी चार रुपयांची धरली तर महिन्याला तीस हजार आणि वर्षाला तीन लाख साठ हजार रुपये केवळ पिशव्यांचे झाले. यंत्राच्या किंमतीच्या सहापट! यावरून दोन गोष्टी निघतात. महाग पिशवीवांचून न चालणारें स्वस्त यंत्र हें स्वस्त नव्हे; आणि शंभरांत दोन पिशव्या जरी गळक्या निघाल्या, तरी महिन्याला दीडशें पाकिटें परत येणार. पाकीट १२० रुपयांचें असेल तर ते अठरा हजार रुपये झाले, आणि गमावलेल्या गिऱ्हाइकाची किंमत तर कोणत्याच वहींत मांडतां येत नाहीं.

यंत्र घेण्याच्या दिवशीं विक्रेत्याच्या पाण्याच्या बाटलीवर अथवा त्याच्या काजूंवर समाधान मानूं नये. आपला पदार्थ, आपली पिशवी आणि आपला माणूस घेऊन जावें. एकापाठोपाठ पन्नास पिशव्या भराव्या. पहिली नि पन्नासावी सारखी आहे का, पट्टी तापून पिशवी वितळूं लागते का, हें पाहावें. मग त्या पिशव्या घरीं आणून पाण्याखालीं दाबून बुडबुडे येतात का, तें पाहावें, आणि पंधरा दिवस ठेवून एखादी सैल पडते का, यावर नजर ठेवावी. विक्रेता घाई करील, करूं द्यावी. यांत्रिक सेवा किती दिवसांत मिळते. तापणारी तार, तिच्यावरची टेफ्लॉनची पट्टी, झांकणाची रबरी कड व पंपाचें तेल हे सुटे भाग मुंबई-ठाण्यांत तयार मिळतात का. हमी पंपावर आहे कीं केवळ सांगाड्यावर, हें लेखी घ्यावें. लहान यंत्रें घरच्या २३० व्होल्टांवर चालतात. मोठ्यांना तिहेरी वीजजोडणी लागते. ती नसतां यंत्र आणून ठेवलें, तर प्रथम वीजमंडळाच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पावसाळ्यांत आमच्या कोंकणची हवा दमट असते. तेव्हां सकाळीं काम सुरू करण्यापूर्वीं पंप दहा-पंधरा मिनिटें रिकामा चालवावा, म्हणजे तेलांतला ओलावा निघून जातो. तेल पांढुरकें किंवा काळें दिसल्यास तारखेची वाट न पाहतां बदलावें. पेटी गंज न धरणाऱ्या पोलादाची, गोल कोपऱ्यांची असावी. कोपऱ्यांत साचलेलें खरकटें हें जंतूंचें माहेरघर.

कायद्याची बाजूही सांभाळली पाहिजे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ सालचा आहे. त्याप्रमाणें नोंदणी अथवा परवाना घेऊन त्याचा चौदा अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. घटक, वजन, बनविल्याची व वापराची शेवटची तारीखही लिहावी लागते. 'थंड ठेवा' हे शब्द लहान अक्षरांत कोपऱ्यांत दडवूं नयेत. ते मोठ्या अक्षरांत मराठींत असावेत. भांडवलाच्या बाबतींत, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीं केंद्र सरकारनें २०२० सालीं सुरू केलेल्या योजनेंत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, पण दहा लाखांपर्यंत, अनुदानाची तरतूद होती. सध्यांच्या मुदती व अटी जिल्हा कृषी कार्यालयांत विचारूनच कर्जाचा अर्ज करावा. शिवाय प्रत्येक घरानें निराळें यंत्र घेतलें पाहिजे, असें थोडेंच आहे? चार बचतगटांनीं मिळून एक चांगलें यंत्र घेतलें आणि वार वाटून घेतले, तर चार हलक्या यंत्रांपेक्षां तें अधिक काम देतें. मात्र मासळी व गोड पदार्थ एका यंत्रावर घेऊं नयेत. वास तर लागतोच, पण एकाचे जंतु दुसऱ्यांत जातात.

सारांश एवढाच. आधीं पदार्थाची परीक्षा, मग पिशवीची निवड, मग दिवसाच्या मालाचा हिशेब, आणि शेवटीं यंत्र. बाजारांत हा क्रम नेमका उलटा शिकवितात. आमच्या आजीबाया बरणीचें तोंड फडक्यानें बांधीत, पण त्यापूर्वीं बरणी उन्हांत तापवीत, कैरी कोरडी पुसून घेत आणि मीठ मापानें घालीत. फडकें हें शेवटचें काम होतें, पहिलें नव्हे. निर्वात यंत्र हें आजचें फडकें आहे. तें भक्कम असावें, याबद्दल दुमत नाहीं. पण त्याच्या आंत काय बांधलें आहे, याची जबाबदारी बांधणाऱ्या हाताचीच राहते. ज्या घरांत आपली पिशवी उघडली जाईल, तेथेंही लहान मुलें जेवावयास बसणार आहेत, याचें भान ठेवून आपण हें यंत्र निवडावें व चालवावें, अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.